दोष वस्तूचा की वापरणाऱ्याचा?

१९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स ईम्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारतात आले. खुर्च्या, प्रदर्शने, चित्रफिती अशा नाना गोष्टींच्या रचनेसाठी हे दोघे त्या काळी जगभर नावाजलेले होते. नव्या वस्तूंची कल्पना करणारी आणि त्यांची रचना ठरवणारी माणसे स्वतंत्र भारताने कशी घडवावीत, याविषयी त्यांचा सल्ला सरकारला हवा होता. देशभर हिंडून त्यांनी जो अहवाल लिहिला, त्यात सर्वांत अधिक कौतुक झाले ते एका साध्या तांब्याचे. उत्तर भारतात त्यालाच लोटा म्हणतात. या तांब्याकडे पाहून त्यांनी प्रश्नांची एक लांबलचक माळच मांडली. त्यात पाणी किती मावावे? भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो आणि रिकामा असताना कसा? डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा बसतो? पाणी ओतताना धार कशी पडते? आतून घासता येतो का? किंमत किती, आणि मोडीत घातला तर हाती काय येईल? या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात सामावलेली होती आणि तरीही तो आकार कोणा एका माणसाने ठरवलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने तो घडत आला होता. याच अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

तांब्याला घडण्यासाठी शतके मिळाली. ज्याने तो ठोकला तो तांबट आणि ज्या घरी तो गेला ते घर, ही दोन्ही एकाच गावात नांदत होती. काठ हाताला लागतो, असे एखाद्या गृहिणीने सांगितले की पुढच्या तांब्याचा काठ वळवला जाई. आजच्या वस्तूंना हे भाग्य लाभत नाही. पंखा, कुकर, भ्रमणध्वनी, तिकीट देणारे यंत्र या वस्तू एका ठिकाणी कल्पिल्या जातात, दुसऱ्या ठिकाणी बनतात आणि तिसऱ्याच ठिकाणी वापरल्या जातात. ज्याने त्या कल्पिल्या, त्याने वापरणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते. तांबट आणि गृहिणी यांच्यातील हे तुटलेले बोलणे पुन्हा जोडणे, हे ज्यांचे काम आहे, अशा व्यावसायिकांचा एक वर्ग गेल्या काही दशकांत उदयास आला आहे. इंग्रजीतून आलेला ‘डिझायनर’ हा शब्द त्यांच्यासाठी रूढ आहे. मराठीत त्यांना रचनाकार म्हणता येईल.

या व्यवसायाविषयी एक मोठा गैरसमज आहे. रचनाकार म्हणजे वस्तूला रंगरूप देणारा, तिला शोभा आणणारा कलावंत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शोभा हा त्याच्या कामाचा एक भाग आहे, यात शंका नाही. पण तो शेवटचा भाग आहे. त्याचे खरे काम वस्तू जन्माला येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. ज्यांना ती वापरायची आहे त्यांच्यात जाऊन बसणे, त्यांची कामाची रीत निरखणे, कच्चा नमुना त्यांच्या हाती देणे, तो कुठे अडतो ते पाहणे आणि परत येऊन तो मोडून नव्याने करणे, असा हा क्रम असतो. चित्रे काढण्याचे कौशल्य शिकता येते. याहून अवघड आहे ती एक भूमिका स्वीकारणे. माणसाला वस्तू वापरता येत नसेल, तर दोष आधी वस्तूत शोधायचा, ही ती भूमिका होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंवर एक ग्रंथ लिहून ही भूमिका ठामपणे मांडली. त्यांचे एक उदाहरण फार प्रसिद्ध झाले आहे. दार ढकलायचे की ओढायचे, हे न कळून माणूस चुकतो आणि मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावतो. वास्तविक, जे दार ढकलायचे आहे त्याला ओढण्याची मूठ बसवणाऱ्याने ती चूक केलेली असते. दारावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते, याचा अर्थच असा की दाराची रचना बिघडलेली आहे.

असा दोष स्वतःकडे घेण्याची सवय आपल्या समाजात तर फारच खोलवर रुजली आहे. बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रासमोर उभी असलेली एखादी वृद्ध स्त्री मागच्या रांगेकडे पाहून ओशाळते आणि “आम्ही बाई अडाणी,” असे म्हणत बाजूला होते. यंत्राच्या पडद्यावर ऊन पडलेले असते, अक्षरे बारीक असतात, जरा विचार करायला वेळ लागला की यंत्र व्यवहारच रद्द करून टाकते. पण अडाणी कोण, तर ती. शाळा सुटलेली, उशिरा अक्षरओळख झालेली, परभाषेच्या मुलखात राहणारी लक्षावधी माणसे हा शब्द स्वतःला लावून घेतात. तीच माणसे पावसाचा अंदाज बांधतात, बैलाचे दुखणे नजरेने ओळखतात, शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडतात. ‘अडाणी’ हा शब्द त्यांच्याकडून काढून यंत्राला लावायला हवा, आणि त्यासाठी केवळ सहानुभूती पुरेशी नाही. यंत्र बदलणे शक्य असते, हे दाखवून द्यावे लागते. ते दाखवून देणारे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीत घडलेले आहे. ते म्हणजे खेड्यापाड्यांत उभा असलेला हातपंप, म्हणजेच हापसा.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाच्या अनेक भागांत दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. कठीण खडक फोडून खोलवर जाणारी यंत्रे त्या सुमारास आली आणि युनिसेफसारख्या संस्थांच्या साहाय्याने ठिकठिकाणी विंधन विहिरी खोदल्या गेल्या. पाणी लागले, पण ते वर आणायचे कसे? त्यासाठी जे हातपंप बसवले गेले, ते बिडाचे होते आणि त्यांचे मूळ नमुने युरोप-अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांसाठी तयार झालेले होते. तिकडे एका शेतावर एक कुटुंब दिवसातून काही बादल्या पाणी काढी. इकडे त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव रांग लावी. बीड हा कठीण पण ठिसूळ धातू आहे. दांड्याचे सांधे झिजत, खिळी सैल होत आणि एके दिवशी पंपाचा दांडा तुटून हातात येई. १९७० च्या दशकाच्या मध्यास असे दिसून आले की, बसवलेल्या पंपांपैकी बहुसंख्य पंप बंदच पडलेले आहेत. अशा वेळी दोष लोकांवर ढकलणे फार सोपे होते. खेडुतांना वस्तू जपता येत नाही, पोरे दांड्याला लोंबकळतात, फुकट मिळालेल्याची किंमत नसते, अशी वाक्ये सरकारी आणि निमसरकारी बैठकांत आजही कानी पडतात. ती उच्चारली की पुढे विचार करावा लागत नाही.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पाण्याचे काम करणाऱ्या मिशनच्या कार्यशाळांतील मंडळींनी मात्र वेगळा मार्ग धरला. मोडलेले पंप त्यांच्याच दारी दुरुस्तीला येत होते. पंप कुठे मोडतो, हे त्यांना कोणत्याही पाहणीवाचून ठाऊक होते. जालना येथील कार्यशाळेत बिडाच्या जागी पोलाद आले आणि अनेक नाजूक सांध्यांऐवजी एकच भक्कम सांधा आला. सोलापूरच्या पंपाने याच विचाराला पुढे नेले. दांड्याच्या टोकाला कमानीसारखा भाग आणि त्यावरून जाणारी साखळी, ही या पंपाची खूण होय. दांडा वर्तुळाच्या कमानीत फिरतो, तर नळातील सळई सरळ वर-खाली जायला हवी. साखळीमुळे हे दोन्ही साधते आणि सळई कडेला घासून झिजत नाही. गावोगावच्या हापशावर पाणी भरताना साखळीचा जो आवाज येतो, त्यामागे एवढा विचार आहे.

पुढे भारत सरकार, युनिसेफ, तेव्हाच्या मद्रासमधील यांत्रिकी अभियांत्रिकीची संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून सोलापूरच्या पंपाचा आधार घेतला आणि नवा पंप सिद्ध केला. त्याचे नाव ‘इंडिया मार्क दोन’. त्याच्या चाचण्या कोइमतूर परिसरात भर वापराच्या विहिरींवर घेतल्या गेल्या. दिवसभर अखंड पाणी उपसले जाते अशा विहिरी मुद्दाम त्यासाठी निवडण्यात आल्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रयोगशाळेत वर्षभर टिकलेला पंप गावात महिनाभरही टिकत नाही, हा अनुभव गाठीशी होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या पंपाचे उत्पादन सुरू झाले. त्यावर कोणाची मक्तेदारी ठेवली गेली नाही. मानकाप्रमाणे बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याला तो बनवता येत असे. म्हणूनच तो देशात लक्षावधींच्या संख्येने बसवला गेला आणि आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांत त्याची गणना होते. नामवंत रचनाकारांच्या यादीत जालना-सोलापूरच्या त्या कारागिरांची नावे मात्र सापडत नाहीत.

येथेच ही कथा संपली असती, तर ती सोयीची झाली असती. पण या पंपातही एक उणीव होती. तिच्यातून जे शिकायला मिळते, ते पंपाच्या यशापेक्षाही मोलाचे आहे. पंप भक्कम होता, मोडत कमी होता. पण जेव्हा बिघडे, तेव्हा गाव असहाय होई. खाली नळात असलेल्या दट्ट्याचा वायसर झिजला, तर तो बदलण्यासाठी जमिनीतील सगळे नळ एकेक करून वर ओढावे लागत. त्यासाठी गाडी, अवजारे आणि चारपाच प्रशिक्षित माणसांचे पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावे लागे. पथक आठवड्याने येई, कधी महिन्याने. तोवर बायका पुन्हा जुन्या डबक्यावर. म्हणजे पाणी भरणाऱ्यांचा विचार झाला होता, पण पंप दुरुस्त करणाऱ्यांचा झाला नव्हता. १९८० च्या दशकात कोइमतूर परिसरातच या प्रश्नावर काम झाले आणि ‘इंडिया मार्क तीन’ तयार झाला. त्यात पाण्याचा नळ इतका रुंद केला गेला की, दट्ट्या आणि झडप नळातूनच वर काढता यावीत. नळ उपसण्याची गरज उरली नाही. बहुतेक दुरुस्त्या गावातील दोघातिघांनी साध्या पान्यांनी कराव्यात, एवढी सोय झाली. दोन्ही पंप दिसायला जवळजवळ सारखेच आहेत. शोभेच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्यांतील फरक कळणारही नाही.

हातपंपाच्या शेजारी निर्धूर चुलीचे उदाहरण ठेवले, म्हणजे दुसरी बाजू स्पष्ट होते. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा हेतू अत्यंत चांगला होता. चुलीच्या धुराने स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे निकामी होतात, सरपणासाठी मैलोगणती पायपीट होते. हे दोन्ही कमी करायचे होते. पुढील दोन दशकांत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. तथापि त्यांतील कितीतरी चुली काही काळानंतर वापरातून गेल्या, आणि २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. यामागे अनुदान, देखभाल, बांधकामाचा दर्जा अशी अनेक कारणे होती. पण एक कारण स्वयंपाकघरात होते. महाराष्ट्रातील चूल पाहावी. तिच्या एका अंगाला वैल असतो. मुख्य जाळावर भाकरी चालू असताना वैलावर आमटी शिजत राहते. तव्यावरून उतरवलेली भाकरी विस्तवाशी उभी धरली, की ती टम्म फुगते. चूल म्हणजे केवळ उष्णता देणारे साधन नव्हे. शेकणे, भाजणे, रटरटत ठेवणे अशा अनेक क्रियांचे ते स्थान आहे. तोंड लहान केलेल्या, चोहोबाजूंनी बंद चुलीत धूर कमी होई. पण भाकरी शेकायची कुठे? ठरावीक मापाच्या भोकावर घरातले मोठे पातेले बसवायचे कसे? लाकूड बारीक चिरून घालायचे, तर ते चिरायचे कोणी? धुराडे वेळच्या वेळी साफ करण्याचे काम पुन्हा तिच्याच माथी. ज्वलनाचे शास्त्र अचूक होते. स्वयंपाकाचे शास्त्र जिच्याजवळ होते, तिला मात्र बहुतेक ठिकाणी चूल बसवून झाल्यावरच विचारले गेले. स्त्रिया परंपरेला चिकटून बसतात, हा निष्कर्षही मग तयारच होता.

वापरणाऱ्याच्या जीवनक्रमाला वस्तूच्या केंद्रस्थानी ठेवले म्हणजे काय होते, हे जयपूर येथे घडलेल्या कृत्रिम पायाच्या इतिहासात दिसते. पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाय त्यापूर्वीही भारतात मिळत असत. ते बूट घालून, खुर्चीवर बसून, सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसासाठी बनवलेले होते. भारतातील शेतकऱ्याला अनवाणी चिखलात उतरायचे असते, उकिडवे बसायचे असते, मांडी घालून जेवायचे असते, देवळाबाहेर पायताण काढायचे असते. खर्चून बनवलेला पाय घरी गेल्यावर कोपऱ्यात उभा राही आणि माणूस पुन्हा कुबड्या घेई. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना ही विफलता दिसत होती. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते, पण हातात मूर्तिकाराची कला होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या दोघांच्या सहकार्यातून रबर आणि लाकूड यांचा पाय तयार झाला. घोट्याशी तो सर्व बाजूंना वळतो, त्याला बूट लागत नाही, पाण्याने तो बिघडत नाही आणि रंगाने, आकाराने माणसाच्या पायासारखाच दिसतो. टायरवर नवे रबर चढवण्याची जी युक्ती रस्त्याकडेच्या दुकानांत वापरली जाते, तीच येथे उपयोगी पडली.

१९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय गरजूंना मोफत देण्याचे कार्य हाती घेतले आणि तो लाखो लोकांपर्यंत पोहोचला. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन १९८४ मध्ये याच पायावर उभ्या राहून मुंबईत पुन्हा रंगमंचावर नाचल्या, ही गोष्ट देशभर गाजली. तिच्याहून कमी गाजलेली गोष्ट अशी की, असंख्य शेतकरी पुन्हा औत धरू लागले. डॉ. सेठी यांना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव त्यामानाने मागे राहिले. या व्यवसायात पदवी आणि बुद्धी यांची सांगड घालण्याची घाई करू नये, एवढे तरी त्यांच्या उदाहरणावरून मान्य करायला हरकत नाही.

अक्षरओळख नसलेल्या माणसाला कमी न लेखता त्याच्यासाठी रचना करण्याचे आणखी एक मोठे काम या देशात झाले, ते मतदानाच्या क्षेत्रात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते शिकेपर्यंत मतदान थांबवावे, असे म्हणणारेही काही थोडेथोडके नव्हते. निवडणूक आयोगाने मतदाराला बदलण्याऐवजी मतदानाची पद्धत बदलली. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा, एवढेच. पुढे चिन्हावर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि त्यानंतर यंत्र आले. १९८२ साली केरळमधील परूर मतदारसंघात काही केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. या यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक डिझाइन केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा वाटा होता. नाव, चिन्ह आणि त्यांच्या लगत एकच बटण; दाबताच तिथेच तांबडा दिवा आणि लांब शिटीसारखा आवाज. विजेच्या यंत्राला पूर्वी कधी हात न लावलेल्या माणसालाही आपले काम झाले, हे डोळ्यांनी आणि कानांनी कळते. दृष्टिहीनांसाठी बटणांशेजारी ब्रेल अंक आले. मत नेमके कोणाला गेले, हे पाहण्याची इच्छा मतदारांनी बोलून दाखवली, तेव्हा काही क्षण चिठ्ठी दाखवणारे जोडयंत्र आले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्व केंद्रांवर वापरले गेले. या यंत्रांविषयीचे वाद सर्वांना माहीत आहेत. त्यांचा निवाडा हा येथील विषय नाही. वापरणाऱ्याची शंका हीसुद्धा त्याची गरजच असते आणि तिला रचनेत स्थान द्यावे लागते, एवढे येथे पुरेसे आहे.

आज या व्यवसायाला पूर्वी कधी नव्हती एवढी प्रतिष्ठा आहे. मोठमोठ्या कंपन्यांत वापरणाऱ्यांचा अभ्यास करणारी स्वतंत्र पथके असतात. त्यांच्या कामाची फळे बाजारात दिसतात. भाजीविक्रेतीच्या टोपलीशेजारी ठेवलेली लहानशी पेटी ग्राहकाने फोनवरून दिलेली रक्कम मोठ्याने बोलून सांगते. ओल्या हातांनी फोन काढावा लागत नाही, संदेश वाचावा लागत नाही, पैसे न देताच दिल्याचे भासवणाराही फसतो. बाजारात उभे राहून पाहिल्याखेरीज अशी वस्तू कोणाला सुचणार नाही.

परंतु माणसाला जवळून ओळखण्याची ही विद्या दुधारी आहे. माणूस कुठे अडतो हे ज्याला कळते, त्याला माणूस कुठे फसतो हेही कळते. नको असलेली वस्तू खरेदीच्या यादीत हळूच घुसवणे, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, वर्गणी सुरू करायला एक बटण पण बंद करायला दहा पायऱ्या ठेवणे, नकार देणाऱ्याला ओशाळे वाटेल अशी भाषा वापरणे, हे सारे अपघाताने घडत नाही. त्यामागेही वापरणाऱ्याचा तितकाच बारकाईने केलेला अभ्यास असतो. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार नोंदवून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. हे पाऊल आवश्यक होते. वापरणारा केंद्रस्थानी आहे, असे म्हणताना तो भोजनाला बोलावलेल्या पाहुण्यासारखा केंद्रस्थानी आहे की सापळ्यातील सावजासारखा, हे विचारलेच पाहिजे. रचनाकाराचे वेतन कोण देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. वस्तू विकत घेणारा आणि ती वापरणारा हे एकच असतील, तर निदान तक्रार तरी योग्य कानांपर्यंत जाते. सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत तसे नसते. पंप सरकार घेते, पाणी बायका भरतात. रुग्णालयातील खाट समिती निवडते, तिच्यावर झोपतो रुग्ण. खरेदीच्या निविदेत पत्र्याची जाडी, रंगाचा दर्जा, पुरवठ्याची मुदत ही सर्व तपशिलाने लिहिलेली असतात. पण ही वस्तू ज्यांना वापरायची आहे अशा अमुक जणांनी ती इतके दिवस वापरून पाहिली आहे आणि त्यांचे म्हणणे असे असे आहे, असा रकाना सहसा आढळत नाही. तो रकाना सक्तीचा व्हायला हवा. तो भरण्यासाठी रचनाकारांना कार्यालयातून उठून गावात जावे लागेल, आणि वापरणाऱ्याच्या वेळेचा मोबदलाही द्यावा लागेल. आपला अनुभव सांगणारी माणसे फुकटची साक्षीदार नसतात.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सामान्य माणसाला विचारून काय मिळणार, त्याला तंत्र कुठे कळते? या आक्षेपाचे उत्तर पुन्हा हापशाजवळच सापडते. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला सामाख्या कार्यक्रमाखाली खेड्यांतील स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. त्यांतील बऱ्याच जणी दलित आणि आदिवासी होत्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते. पान्याला हात लावणे हे पुरुषांचे काम, असे मानणाऱ्या त्या मुलखात या बायका पंप खोलू लागल्या, दट्ट्या बाहेर काढू लागल्या, वायसर बदलून पाणी सुरू करू लागल्या. कोणता सुटा भाग किती दिवसांत झिजतो आणि कोणत्या गावचा पंप पुन्हा पुन्हा का बिघडतो, हे त्यांना कळू लागले. मग या साऱ्याची नोंद ठेवण्याची गरज त्यांना भासली, आणि नोंद ठेवायची तर अक्षर आले पाहिजे. अशा रीतीने पंपाच्या कामातूनच त्या लिहायला-वाचायला शिकू लागल्या. त्याच परिसरातील नवसाक्षर स्त्रियांनी पुढे ‘महिला डाकिया’ नावाचे हस्तलिखित वार्तापत्र चालवले.